जिजीच्या मागं डोंगर चढताना

जिजी, तुला शहरातून गावात आणलं त्या दिवशी मी भाकरी आणि पिठलं करून तुझ्या घरी आले. ज्या घरात माणूस गेलं तिथं चूल पेटत नाही, आजूबाजूच्यांनी कडू घास न्यायचा, ही रीत तुमच्याकडं आहे तशी आमच्या किनवटकडंही आहे. म्हणून हात आपोआप चालले. पीठ मळलं, भाकरी बडवल्या, टोपलीवर फडकं टाकलं. तुझ्या दारात द्वारकाकाकू उभी होती, तुझी धाकटी जाऊ. तिनं टोपली माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "बस बाई तिकडं, बायांमधी." तिकडं म्हणजे ओसरीच्या कडेला. आत तुझ्या सुना, नाती, माहेरच्या बाया होत्या. तेव्हा कुठं मला कळलं. कडू घास आणणारी बाहेरची असते, आणि ज्यांना तो भरवायचा ती घरची. मी भाकरी बडवल्या तेव्हाच माझी जागा ठरवून आले होते.

माझ्या शेजारच्या बाईनं पलीकडच्या बाईला विचारलं, "ही कोन गं?"

"ती नाय का फार्महाऊसवरची. म्हातारीसंगं डोंगरावर जायाची ती."

एवढीच माझी ओळख. आणि खोटी नाही ती.

मला तुझं सुतक नाही. दुसऱ्या दिवशी मालक शहरातून पाहुणे घेऊन आले, मी त्यांना भरली वांगी करून वाढली. पोहायच्या टाकीतली पानं जाळीनं काढली, कुंड्यांना पाणी घातलं. "सुमनबाई, भाजी मस्त झाली," असं त्यातल्या एकीनं म्हटलं. मी हसले. आज राहू दे सुमन, असं कुणी म्हटलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. सांगायचं तरी काय होतं? माझी कोण गेली, असं कुणी विचारलं असतं तर मला नात्याचा शब्द सुचला नसता. जिजी तर तुला अख्खं गावच म्हणायचं.

पाचवीतून शाळा सुटलेली मी. लिहिताना अजून ओठ हलतात माझे. पण रोज सकाळी जिच्याशी बोलायचं ते माणूस गेलं की बोलणं पोटात साठतं, ते कुठंतरी सांडायला पाहिजे. म्हणून हे.

तुला आठवतं का, तू मला पहिल्यांदा काय म्हणालीस? आमचे हे गेल्यानंतरचे दिवस होते. आम्ही दोघं राखणीला म्हणून इतक्या लांब आलो होतो, आणि मग मी एकटीच राहिले. मालक म्हणाले, राहा. तिकडं किनवटला भावांची घरं आहेत, लेक लग्न होऊन तेलंगणात गेलेली. मग राहिले. आणि मग ती धडधड सुरू झाली. काही कारण नसायचं. झाडताना, भांडी घासताना, छातीत एकदम ढोल वाजायचा, हात गार पडायचे, वाटायचं की आता गेले आपण. किनवटला कळणार कधी, आणि कळलं तरी येणार कोण. खुलताबादच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं छातीची पट्टी काढली, बघितली आणि म्हणाले, "हृदय चांगलं आहे बाई तुमचं. भीती आहे ही. रोज चालत जा." औषधाची चिठ्ठी दिली. कुठं चालायचं आणि कुणासोबत, ते काही त्या चिठ्ठीवर नव्हतं.

म्हणून मी गेटपाशी बसायचे. रस्त्यावरून माणसं जातात, मेले तर निदान कुणाला दिसेन, म्हणून. तू रोज सकाळी तिथून जायचीस. लुगड्याचा ओचा खोचलेला, पायात तुझ्या लेकाचे, विलासचे शाळेतले जुने पीटीचे बूट, हातात पाण्याची बाटली. एक दिवस थांबलीस.

"ए बाई, तू गेट राखती का गेट तुला राखतंय?"

मला रडू आलं. तू बघितलंस, पण विचारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "कुलूप लाव आन् चल."

"कुठं?"

"डोंगरावर."

"काय आहे डोंगरावर?"

"डोंगर हाये."

मी कुलूप लावलं. कसं लावलं, कोणत्या धीरानं, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी आपण पहिल्या चढापर्यंतच गेलो. मी म्हणाले, "जिजी, छातीत धडधडतंय, मी मरेन इथं." तू मागं वळून म्हणालीस, "धडधडाया पाहिजेच की, चढ हाये. नाय धडधडलं तर इचार कर." आणि मग म्हणालीस, "मेलीसच तर मी हाये. अशी बोंब मारीन का खाली वेरूळच्या देवळापस्तोर जाईल." मरणाच्या भीतीतही मी हसले, ते पहिल्यांदाच.

मग आपलं भांडण सुरू झालं. ते कधी संपलं नाही म्हण. मी म्हणायचे, जिजी, मी दिवसभर राबते, झाडते, पुसते, पाणी ओढते, मला वेगळं चालायची काय गरज? तू म्हणायचीस, "राबताना मान खाली असती. डोंगरावर वर करावी लागती." मी म्हणायचे, तुझं ठीक आहे, तुझी मुलं आहेत, शेत बटईनं दिलंय, तुला वेळ आहे. यावर तू एकदा रागावलीस. खरंच रागावलीस. म्हणालीस, "शेत बटईला दिलं तवाच तं भ्याले मी. जल्मभर खुरपं हातात होतं. एक दिवस सकाळी उठले आन् कुटंच जायाचं नव्हतं. गुडघं कुरकुर कराया लागले, चहा घेतला, मंग परत चहा घेतला. म्हटलं, आता ही खाट मला गिळती." म्हातारपणी खेड्यातलं माणूस कसं संपतं, ते मला तुझ्या त्या बोलण्यातून कळलं. कामानं नाही. काम सुटल्यानं. घरात नळ आला, दळण मोटरसायकलवर जाऊ लागलं, जळण नको, मळणी नको, आणि मग पोरं म्हणतात, आई, बस आता. ती बसली की मग उठत नाही.

तू बसली नाहीस. अंगणात लिंबाखाली एका पायावर उभं राहून मिसरी लावायचीस, आधी उजव्या, मग डाव्या. आरोग्य केंद्रातल्या पोरीनं शिबिरात सांगितलं होतं की आजी, एका पायावर उभं राहायची सवय ठेवा, म्हणजे तोल जात नाही. बाकीच्या म्हाताऱ्या हसून घरी आल्या, तू घरी येऊन उभी राहिलीस. जमिनीवरून उठताना हात टेकायचा नाही, हा तुझा दुसरा नेम. विलासनं खुर्ची आणली तर तिच्यावर तू पापडाची ताटं वाळत घातलीस. पारावरची माणसं म्हणायची, "म्हातारीला मरण चुकवायचंय." तू जाता जाता उत्तर द्यायचीस, पायसुद्धा न थांबवता. "मरण कुनाला चुकलंय रं? मला खाट चुकवायचीय."

आणि ते गुलाबाचं. जिजी, ते आठवलं की मला अजून एकटीला हसू येतं, आणि मग एकटी हसते म्हणून रडू.

उघड्यावर बसायला जाणाऱ्यांना पकडायला ग्रामपंचायतीचं गुड मॉर्निंग पथक निघायचं तेव्हाची गोष्ट. उजाडायच्या वेळेला आपण दोघी डोंगराच्या वाटेला, आणि तुझ्या हातात पाण्याची बाटली. आणखी काय पुरावा पाहिजे? कोपऱ्यावर शिट्टी वाजली. पंचायतीची माणसं समोर उभी, एकाच्या हातात गुलाबाच्या फुलांची पिशवी. पकडलेल्याला फूल द्यायचं, म्हणजे त्याला लाज वाटते, अशी ती पद्धत.

"आजी, घरी संडास बांधून दिलाय ना? या वयात शोभतं का?"

"बांधलाय की. तिथूनच निघाले. लई चांगला हाये."

"मग ही बाटली कशाला? कुठं चालल्या?"

"डोंगरावर. चालाया."

"चालायला? कामून?"

"कामून म्हंजी? पाय हायेत म्हनून."

त्याचा विश्वास बसेना. त्याचं तरी काय चुकलं? इथं बाई घराबाहेर पडली की हातात काहीतरी लागतं. खुरपं, टोपलं, हंडा, देवाचं ताट. नुसतं चालायला कुणी जात नाही. रिकाम्या हातानं गेलं तर वेडी, आणि बाटली घेऊन गेलं तर तसली. तू त्याच्यासमोर बाटलीचं झाकण काढलंस, घटाघट दोन घोट प्यायलीस, पदरानं तोंड पुसलंस आणि बाटली त्याच्यापुढं धरलीस. "घे, तू बी पी. प्यायाचं हाये." मी तुझ्या मागं लपले होते, पदर तोंडावर घेऊन. त्यानं ओशाळून फूल पुढं केलं. आता फूल द्यायचं कशाला ते त्यालाही कळेना. तू ते घेऊन अंबाड्यात खोचलंस आणि निघालीस. त्यांच्यातल्या एकानं काढलेला फोटो गावाच्या ग्रुपवर गेला, तिथून शहरात सिडकोत राहणाऱ्या विलासच्या फोनवर. त्याचा फोन आला, "आई, काय चाललंय तुझं?" तू म्हणालीस, "सत्कार झाला." त्यानंतर किती दिवस पारावरून हाक यायची, "जिजी, गुलाब भेटला का?" द्वारकाकाकू तर कुंपणावरून म्हणाली होती, "नाक कापलं घराण्याचं." तुम्ही दोघी बांधावरून भांडलेल्या, नीट बोलणं कधीचंच बंद होतं. पण कुंपणावरून टोमणे मात्र रोजचे.

वर पोचलो की आपण त्या सपाट कातळावर बसायचो. खाली तूर, कपाशी, शेततळ्यांचे निळे चौकोन, लांबवर देवगिरीचा उंच कडा. मी माझं गाव कोणत्या दिशेला आहे ते विचारायचे. तू हात करायचीस, रोज वेगळीकडं. मी म्हणायचे, काल तर तिकडं दाखवलंस. तू म्हणायचीस, "लांबचं गाव कुटूनबी लांबच असतं गं." तुला कुणी धीराचे शब्द शिकवले नव्हते, पण तुझ्या शेजारी बसलं की धीर यायचा. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझे लई उपकार आहेत जिजी, असं म्हटलं असतं तर तू शिवी घातली असतीस. म्हणून राहिलं. आता लिहिते तर शिवी घालायला तू नाहीस.

एक भांडण मात्र खरं होतं. तू म्हणायचीस, "सुमे, आज तू पुढं चल." मी म्हणायचे, उद्या. मला तुझ्या मागं चालायची सवय झाली होती. वाट, दगड, काटे मी कधी बघितलेच नाहीत. मी तुझ्या त्या पीटीच्या बुटांच्या टाचा बघायचे. डाव्या बुटाची टाच आतल्या बाजूला झिजलेली. ती टाच जिथं पडली तिथं माझा पाय. पुढं चालायचं म्हणजे पुढं कुणीच नाही, नुसती वाट. तू चिडायचीस. "मी म्हातारी. मी पडले तर तू मागून बघशील. तू मागं पडली तर मला कळंल का? पुढं चल, म्हंजी तू दिसशील." मी ऐकलं नाही.

मग विलास तुला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला शहरात घेऊन गेला. लवकर येते म्हणालीस. पण डोळ्याला जपायचं म्हणून त्यानं ठेवून घेतलं. चांगला आहे तो, जिजी. तुला एकटीला डोंगरावर जाताना सोडायचं त्याच्या जिवावर यायचं, आणि आईची काळजी करणाऱ्या मुलाला नावं कशी ठेवायची? तू फोन करायचीस. पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फेऱ्या मारतेस म्हणून सांगायचीस. "इथं पायाला काय कळतच नाय गं. समदी फरशी. कुटं चढ नाय, उतार नाय." बिल्डिंगमधली माणसं म्हणायची, आजी, लिफ्ट आहे. तू म्हणायचीस, "तिला चढू द्या, मी बी चढते." आणि जिन्यानं जायचीस.

शेवटच्या फोनला आपण पुन्हा तेच भांडलो. तू विचारलंस, "जाती का डोंगरावर?"

"तू आल्यावर जाऊ."

"नाय. म्या यायच्या आधी एकडाव एकलीच जाऊन ये."

"मी तुझ्या मागंच येणार."

"मंग मी काय जल्मभर तुह्या पुढं चालू का?"

आपण दोघी हसलो. मग तुझ्या नातवाला फोन पाहिजे होता, तो कट झाला. ते भांडण तिथंच आहे, जिजी. ते मी जिंकले का हरले, मला कळत नाही.

विलासनं सांगितलं, सकाळच्या फेऱ्या झाल्या, जिन्यानं वर आलीस, गॅलरीत बसलीस आणि सुनेला चहा मागितलास. चहा घेऊन ती आली तर तुझी मान भिंतीला टेकलेली. हे सांगताना तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काहीच झालं नव्हतं सुमनताई तिला, काहीच." ओसरीवर द्वारकाकाकूनं ते ऐकलं. तुला बाहेर काढल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि कुणाला नाही, स्वतःलाच म्हणाली, "खाट चुकवली बाईनं." मला वाटलं ती टोमणा मारतेय. बघितलं तर ती रडत होती. तुझ्यासाठी रडणाऱ्या सगळ्या बायांत मला तिचंच रडणं खरं वाटलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर मी पुन्हा गेटपाशी बसायला लागले. हे तुला सांगायची लाज वाटते, पण तुझ्याशी काय लपवायचं? धडधड परत आली. सकाळी तुझ्या यायच्या वेळेला जास्त. रस्त्यावर कुणाच्याही चपला वाजल्या की मी उठायचे. सीताफळांचे दिवस, डोंगराकडून टोपल्या भरून बाया यायच्या, त्यांच्या लुगड्यांना कुसळं चिकटलेली असायची. मी गेटच्या आतून बघायचे. लेकीचा फोन आला, "आई, कशी आहेस?" मी म्हटलं, चांगली आहे. दुसरं काय म्हणणार? माझं कुणी गेलंय हे तिलाही सांगितलं नव्हतं. कोण जिजी, असं तिनं विचारलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं. मला तेव्हा कळत होतं की मी आता बसतेय. तू सांगायचीस ना, एक चहा, मग दुसरा चहा. तसंच. आत्ता उठले नाही तर मी इथंच, या गेटपाशीच संपेन. त्यासाठी म्हातारी व्हायची वाट बघायची गरज नाही.

एका सकाळी छातीत इतकं वाजायला लागलं की बसून राहणं चालण्यापेक्षा अवघड झालं. मी कुलूप लावलं आणि निघाले.

जिजी, मला वाट माहीत नव्हती. इतकी वर्षं गेले तुझ्यासोबत, आणि मला वाटच माहीत नव्हती! गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत ठीक, पुढं गवत कमरेएवढं, आणि गुरांच्या पायवाटा इकडं तिकडं फुटलेल्या. मी उभी राहिले. समोर कुणाच्या टाचा नाहीत. परत फिरावं वाटलं. मग त्या हिवराच्या झाडाकडं बघितलं आणि मला तुझ्या सासऱ्याची म्हैस आठवली. ती बाजारातून पळून एकटीच घरी आलेली म्हैस. ती गोष्ट तू नेहमी याच झाडापाशी सांगायचीस, आणि सांगून झाली की डावीकडं वळायचीस. मी डावीकडं वळले. पुढं फुटका बंधारा लागला. इथं तू द्वारकाकाकूचा उद्धार करायचीस, तिनं बांध कसा कोरला, कुणाच्या सांगण्यावरून कोरला, सगळं. आणि शिव्या संपल्या की ओढा ओलांडायचीस. मी ओढा ओलांडला. सलईच्या झाडाखाली तू एकदाच थांबून तुझ्या पहिल्या लेकीबद्दल बोलली होतीस, जी राहिली नाही, माझ्याकडं न बघता, झाडाच्या सालीवरून हात फिरवत. तिथं मी पण हात फिरवला. अशी तुझं बोलणं धरून धरून मी वर गेले. कातळावर पोचले तेव्हा लुगडं कुसळांनी भरलं होतं, पायाला ओरखडे होते, आणि छाती धडधडत होती. पण चढाची.

वर कुणी नव्हतं. मला वाटलं होतं वर गेल्यावर तू जवळ आल्यासारखी वाटशील. तसं काही झालं नाही. वारा होता, खाली शेतं होती, एक ट्रॅक्टर चालला होता. माझ्या शेजारचा कातळ रिकामा होता. किनवट कोणत्या दिशेला ते मी कुणाला विचारणार? थोडा वेळ बसले आणि उतरले. इतकं एकटं मला आमचे हे गेले तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा मी घाबरलेली होते आणि घाबरलेल्या माणसाला एकटं वाटायला सवड नसते.

उतरताना टाकीपाशी द्वारकाकाकू उभी होती, हातात गवताचा भारा. मला वरून खाली बघितलं.

"एकलीच?"

"हो काकू."

"भ्या नाय वाटलं?"

"वाटलं."

ती भारा सावरून निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप लावत होते तर ती गेटपाशी. डोक्यावर पदर, हातात काही नाही. रिकाम्या हातानं आलेली द्वारकाकाकू मी पहिल्यांदाच बघितली.

"मला डोंगर-बिंगर नको," ती आल्या आल्या म्हणाली. "गुडघं नायत मला. टाकीच्या थोडं पुढं. आन् कुनाला सांगू नको."

"बरं."

"ती गेली आन् घरात मला बोलाया कोन राह्यलं? सून मोबाईलमधी. भांडाया तरी ती व्हती." मग एकदम म्हणाली, "चल पुढं. मला वाट ठाव नाय."

आणि जिजी, मी पुढं चालले. माझ्या पुढं कुणी नव्हतं आणि मागं तुझी जाऊ होती. टाकी गेली. ती म्हणाली, अजून थोडं. चढ सुरू झाला. मागून तिचा श्वास ऐकू यायला लागला. आधी लांब, मग आखूड, मग शिट्टीसारखा. मला भीती वाटली, तिला काही झालं तर? थांबू या म्हटलं असतं तर ती चिडली असती, मी काय म्हातारी हाये का म्हणून परत फिरली असती, आणि मग कधीच आली नसती. मी हिवरापाशी थांबले. काहीतरी निमित्त पाहिजे होतं. मी झाडाकडं बघितलं आणि म्हणाले, "काकू, आमच्या किनवटला एक बाई होती, तिच्या घरात एकदा अस्वल शिरलं."

तेव्हा मला कळलं, जिजी. म्हैस, बंधारा, बांधाच्या शिव्या. त्या सगळ्या गोष्टी तू चढ संपता संपताच का सांगायचीस. तुला गोष्ट आठवायची म्हणून तू थांबत नव्हतीस. माझा श्वास ऐकून थांबायचीस. एवढी वर्षं मी तुझ्या टाचांकडं बघत होते आणि तू मागं न बघता माझ्याकडं बघत होतीस. एकदाही म्हणाली नाहीस, सुमे, बस जरा. मला कधी कळू दिलं नाहीस की मी थकले.

हे मी तुला कुठं सांगू? कसं सांगू? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी पाठ फिरवूनच उभी राहिले. मागं काकूचा श्वास हळूहळू खाली बसत होता.

"आसवल?" ती म्हणाली. "घरात?"

"घरात. थेट चुलीपाशी."

"मंग? पुढं काय झालं?"

मला काय ठाऊक पुढं काय झालं ते. मी म्हटलं, "सांगते काकू. आधी त्या वळणापर्यंत चल."